चाकावर ठिवलेला हात

चालती ट्रॉली निस्ती ऐकून कोन्तं चाक बिघडलंय ते सांगनारा ड्रायव्हर आख्ख्या पाथर्डी तालुक्यात एकच, आन तो म्हंजी मी. आता मी सांगितलेलं चाक खोललं की बिघाड दुसऱ्याच चाकात निघतो, ही गोष्ट येगळी.

आमच्या मिस्त्रींचं तसं न्हवतं. ते ऐकायचे न्हाईत, वाकून बघायचे न्हाईत, निस्ता हात ठिवायचे. टॅक्टर थांबला की धुरळा खाली बसायच्या आत मिस्त्री ट्रॉलीवरनं खाली. चाकाच्या मधोमध लोखंडी वाटीवानी असतंय बघा, त्याला हब म्हनत्यात. बेरिंग त्याच्या आत. त्या हबावर डावा पंजा टेकवायचा, डोळे झाकायचे आन उगं उभं ऱ्हायाचं. तापानं फनफनलेल्या लेकराच्या कपाळावर आई हात ठिवती ते तुमी बघितलं असंल, अगदी तसं. मंग डोळे उघडून म्हनायचे, "झोपलीया. चला."

चाकाला ते पोरगी म्हनायचे. हाताला चटका लागला तर म्हनायचे, "कन्हतीया. उतरा." मंग उतरायचंच. मुकादम असू दे न्हाईतर मुकादमाचा सासरा, मिस्त्री 'चला' म्हनंस्तवर टॅक्टर जागचा हालायचा न्हाई.

दसरा झाला की आमच्याकडची निम्मी गावं ऊसतोडीला निघत्यात. एका टॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. त्यात बायामानसं, लेकरं, शेरडं, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, खोपीचे बांबू. घरंच्या घरं उचलून चाकावर ठिवलेली. टॅक्टर माझ्या हातात. म्हनून मला वाटायचं, टोळी आपल्या जिवावर चालती. टोळीतल्या बायांना वाटायचं, टोळीचा जीव माझ्यामुळं धोक्यात हाय आन मिस्त्रींमुळं वाचतोय. म्या बऱ्याच जनींना येगयेगळं इचारून बघितलं. उत्तर एकच आलं.

मिस्त्री काय गॅरेजवाले न्हवते. ते बी तोडकरीच. आमच्यात नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधती, दोघं मिळून एक कोयता. एकट्यादुकट्याला टोळीत कुनी घेत न्हाई. मिस्त्री आन काकू हा आमचा सगळ्यात म्हातारा कोयता. फडात ते मागं पडायचे, पन मुकादम दर साली त्यांना पयले घ्यायचा. चाकांसाठी.

दसऱ्याला आमी ट्रॉल्या धुतो. धुतो म्हंजी काय, बाजारातनं माल टाकून येतानाच तापलेल्या चाकांसकट थेट नदीत घालतो. चाकं पार बुडली पायजेत, न्हाईतर दसरा केल्यासारखं वाटत न्हाई. मंग हळदकुकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मिस्त्री काठावर उभं ऱ्हाऊन बोंबलायचे, "आरं मुडद्यांनो, तापलेलं चाक गार पान्यात गेलं की ते घोट घेतं. आतलं ग्रीस नासतं. गार तरी हू द्या!" आमी म्हनायचो, व्हय मिस्त्री. आन दुसरी ट्रॉली घालायचो.

म्हनून दसरा झाला की निघायच्या आधी मिस्त्री समदी चाकं खोलायचे. ट्रॉली जॅकवर चढवायची, हबाचं टोपन काढायचं, कॉटर पिन काढायची, नट काढायचा, बेरिंग भाईर. बेरिंग डिझेलमधी धुवायचं, वाळवायचं, मंग डाव्या पंज्यावर नव्या ग्रीसचा गोळा घ्यायचा आन बेरिंगची कड त्याच्यावर दाबत ऱ्हायाची. एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं ग्रीस किड्यावानी वर येतं. ते आलं की समजायचं, पोटात गेलं. म्या वरनंच बोटानं फासायचो. मिस्त्री म्हनायचे, "नवरीला हळद लावतुस का रं? पोटात घाल तिच्या!" मंग म्या एकदा हब गच्च भरला, टोपन बसंना. म्हनले, "आता पंगतीला बसीवलंस व्हय?"

नट आवळायचा ते बी एक कामच. आवळायचा, चाक हातानं फिरवायचं, मंग नट उलीसा मागं घ्यायचा आन पिन घालायची. माझ्या अंगात ताकद लई. म्या पान्याला पाईप लावून असा आवळला की चाक फिरंच ना. मिस्त्री चाकाकडं बघत ऱ्हायले. मंग हळू आवाजात म्हनले, "फाशी दिलीस. काय गुन्हा केला हुता बिचारीनं?"

आन एकदा समदं जोडून झालं तर एक वायसर खाली उरलेलं. म्या इकडंतिकडं बघितलं आन गुपचूप खिशात घातलं. संध्याकाळी मिस्त्री जवळनं गेले, थांबले. "तुझ्या खिशात काय वाजतंय?" म्या म्हनलं, "सुट्टे पैसे." म्हनले, "तुझ्याकडं पैसे? मंग नक्कीच वायसर हाय." चाक परत खोललं. ते बी मलाच खोलाया लावलं.

ह्याचं उट्टं म्या काढायचो. थांब्यावर मिस्त्री पुढं गेले की मागनं मी त्यांची नक्कल. तसाच पाय फाकवून उभा, तसेच डोळे मिटलेले, हात हबावर, आन घोगरा आवाज काढून, "झोपलीया... माझी सासू झोपलीया, चला!" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. लेकरं म्हनायची, अजून एकदा. मिस्त्रींना ठावं हुतं. एकदा म्हनले, "नक्कल झ्याक करतुस. पन हात हवेत धरतुस. लोकं हसत्यात, चाक हसत न्हाई. टेकव की खरा."

त्यांच्यामागं काकू उतरायच्या. काकूंना खोकला. मोठा न्हाई, एकच ढास, पन यायची ती नेमकी थांब्यावरच. मिस्त्री हात ठिवून उभे, काकू मागं पदर झटकत न्हाईतर ट्रॉलीची दोरी आवळत. म्या म्हनायचो, "काकू, तुमचा खोकला बी यष्टीवानी हाय. थांबा आला की येतोय." काकू हसायच्या न्हाईत. मला वाटायचं, इनोद जमला न्हाई. आता तुमीबी माझ्यासंगं तिथं असता तर तुमाला काय येगळं दिसलं असतं? मला तर काय बी दिसलं न्हाई. वरीसभर डोळ्यासमोर हुतं.

मागच्या साली दसरा झाला आन दुसऱ्याच दिवशी मुकादमाला फोन आला. कारखाना लवकर लागतोय, टोळ्या आना. राहुरीकडचा कारखाना. मुकादम म्हनला, उद्या पहाटं निघायचं.

मिस्त्री म्हनले, "चाकं खोलल्याबिगर?"

"येळ न्हाई, मिस्त्री."

"पान्यातनं काढलेल्या ट्रॉल्या हायेत. आत काय झालंय कुनाला ठावं?"

"दुसऱ्या टोळ्या पोचल्या तर चांगला फड जाईल. वाटंत बघू. तुमचा हात हाय की संगं."

मिस्त्रींनी आपल्या पंज्याकडं बघितलं, मंग काकूंकडं. काकू म्हनल्या, "दर थांब्याला उतरायचं. थांबे जास्त घ्यायचे." मला वाटलं, म्हातारीला लघवीचा तरास असंल. माझी अक्कल तेवढीच धावती.

निघालो. तिसगावला थांबलो. मिस्त्री उतरले, काकू उतरल्या, चार चाकं झाली. "झोपलीया. चला." पुढं एका वडाखाली थांबलो. झोपलीया, चला. लेकरं गानी म्हनत हुती. मुकादम मोटारसायकलवर मागंपुढं करत हुता आन मला खुनावत हुता, किती थांबतो, ने दामटून.

करंजीचा घाट लागायच्या आधी चहाची टपरी हाय. पुढं वळनंच वळनं, आन एका अंगाला नुसता उतार. तिथं थांबलो. मागच्या ट्रॉलीत एका बाईला वकाऱ्या येत हुत्या. काकू तिचं डोकं धरून वरच बसल्या. ते कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या तर न्हाईच, मला चहा दिसत हुता.

मिस्त्री उतरले. पुढची चाकं झाली. मागच्या ट्रॉलीच्या डाव्या चाकावर हात ठिवला. त्या दिवशी त्यांनी डोळे बी मिटले न्हाईत, मोकळ्या अंगानं माझ्याशी बोलत हुते. "काय रं नाटक्या, आज नक्कल न्हाई? चहाच्या नादात इसरला?"

म्या म्हनलं, "नव्या लोकांसमोर लाज वाटती."

"तुला? लाज?" आन हसले. हात तसाच चाकावर. मला कसलातरी वास आला. म्या टपरीवाल्याला हाक मारली, "आरं, दूध लागलं तुझं! बघ की!" त्यानं पातेल्यात बघितलं, म्हनला, माझं दूध चांगलंय.

मिस्त्रींनी हात काढला. "झोपलीया. चला." आन जाता जाता म्हनले, "टेकव एकदा खरा हात. चावत न्हाई ती."

ते पुढं गेले. टपरीवर गिऱ्हाईकं हुती, लेकरं वाट बघत हुती, मंग माझं बी अंग वळवळलं. पाय फाकवले. डोळे मिटले. म्हनलं, आज म्हाताऱ्याचं ऐकायचं, खरा हात टेकवायचा. आन आख्खा उजवा पंजा दाबून ठिवला.

तव्यावर पानी टाकल्यावर होतो तसला आवाज माझ्या हातातनं आला. म्या असा बोंबललो की टपरीवरची कुत्री पळाली. आन ट्रॉलीतली समदी मानसं खदाखदा हसाया लागली. म्या हात झाडत नाचतोय, ती हसत्यात. म्या वरडतोय, "आरं खरं पोळलं! खरं!" तर एक बाई डोळे पुसत म्हनली, "आज लई भारी केलं बाई ह्यानं." गेली कैक वर्सं मानसं हसवायचा धंदा केला. त्या दिवशी पटवायची येळ आली तर एक मानूस माझं ऐकंना. मिस्त्री सुद्धा वळून हसत हुते.

हसल्या न्हाईत त्या काकू. ट्रॉलीच्या फळीवरनं त्यांनी मला बघितलं, चाकाला बघितलं, आन त्या वयात त्या तिथनं उडी मारून खाली आल्या. पंजा उलटा करून हबाजवळ नेला आन झटक्यात मागं घेतला. मंग माझ्याकडं ढुंकून न बघता सरळ मिस्त्रींकडं गेल्या, त्यांचा डावा हात धरला आन मिटलेली मूठ उघडली.

मला ते अजून बघवत न्हाई. तळहाताची कातडी पांढरी हून वर आलेली, दुधावरच्या सायीवानी. काकूंचं बोट लागलं तशी ती सरकली. आन मिस्त्री त्या हाताकडं बघत हुते. दुसऱ्याच्या हातात काय हाय ते बघावं तसं. तोंडावर कळ न्हाई, काय न्हाई.

म्हनले, "कवा झालं गं हे?"

हसनं कुठल्या कुठं गेलं. एका ट्रॉलीतलं लेकरू रडाया लागलं ते तेवढं ऐकू येत हुतं. म्या माझा पोळलेला हात धरून उभा, आन माझी कळ कुठं गेली मला ठावं न्हाई. मला भ्या वाटलं. चाकाचं न्हाई, त्या हाताचं. त्या हाताच्या भरवशावर मी किती घाट उतरलो, किती पूल वलांडले. माझी स्वताची पोरं त्या ट्रॉलीत बसलेली.

"उतरा समदी," काकू म्हनल्या. आवाज चढवला न्हाई त्यांनी. समदी उतरली.

चाक म्या खोललं, डाव्या हातानं. मिस्त्री बाजूला दगडावर बसून सांगत हुते, हाताला काकूंच्या पदराची चिंधी. टोपन काढलं तर आत ग्रीस न्हवतंच, चहात दूध घातल्यावानी पातळ लगदा. बेरिंगचे रोलर निळे पडलेले, त्यांची जाळी फुटलेली, आन चाक धरून हालवलं तर पार डुगडुगलं. पुढच्या दोनचार वळनांत ते निसटलं असतं. ट्रॉलीतली मानसं कुठं गेली असती ते म्या त्या उताराकडं बघून ठरवलं न्हाई. डोळे तिकडं जाऊच दिले न्हाईत.

मुकादम आला. त्यानं समदं ऐकलं, हात बघितला, चाक बघितलं. पयल्यांदा त्याचं तोंड उतरलं. मंग त्याला राग आला. "मिस्त्री, हाताला कळत न्हाई तर इतके दिवस फसवलं का आमाला?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. काकू उठल्या.

"वरीसभर कुनाचं चाक निसटलं?"

"तसं न्हाई काकू, पन..."

"निसटलं का? सांग." मुकादमानं नकाराची मान हालवली. "मी लावत हुते हात. त्यांच्या मागनं. गार असलं तर गप बसायचं, गरम लागलं तर खोकायचं. मागं वळून बघायचं न्हाई, असं ठरलं हुतं आमचं. आज मी वरच ऱ्हायले. त्यांना काय ठावं? खोकला आला न्हाई, म्हंजी गार."

तुमाला सांगतो, त्या खोकल्यावर म्या किती इनोद केले हुते. वरीसभर आमचा जीव त्या एका ढासंवर हुता आन म्या तिची यष्टी केली हुती.

"मंग सरळ सांगायचं की," मुकादम म्हनला. "काकू हात लावतील म्हनून."

मिस्त्री तवा बोलले. "आन मंग मी कशाला? तोडायला हात चालत न्हाई. चाकाला बी न्हाई म्हनलं असतं तर तू मला घरी बसीवलं असतं. मी घरी, तर हिला एकटीला कोन घेतंय? कोयता दोघांचा असतो बाबा." येवढं बोलून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुझा हात दाखव. लई पोळला का रं?"

सोताच्या हाताची कातडी चिंधीत, आन मला इचारतात, लई पोळला का.

नगरवरनं बेरिंग आनलं, बसवलं. उरलेली चाकं बी तिथंच खोलली, समद्यांनी मिळून. कारखान्यावर पोचल्यावर डाक्टरकडं नेलं. डाक्टर म्हनला, साखरंनं नसा मेल्यात, हाताच्या बी आन पायाच्या बी. आख्खा जन्म ऊस तोडलेला मानूस आन हे. मला एक इनोद सुचला हुता. तोंडातच मेला.

त्या साली मुकादमानं त्यांना खोपीवर बसीवलं, लेकरं सांभाळायला. लेकरांना ते चाकं फिरवून दावायचे. पन फड बदलताना थांब्यावर उतरनं बंद झालं. म्या थांबलो की ट्रॉलीत मान वर करायचे, काकू खाली हात लावायच्या, आन काकू बोलायच्या आत मिस्त्री दुसरीकडं बघायचे. म्या त्यांची नक्कल परत केली न्हाई. एकदा त्यांनीच म्हनलं, "कर की. करमत न्हाई." म्या उभा ऱ्हायलो, पाय फाकवले, पन घोगरा आवाज निघंना.

मिस्त्री पावसाळ्यात गेले. चपलंतनं खिळा पायात घुसला हुता. कळलंच न्हाई, तसेच रानात फिरत ऱ्हायले. काकूंना वास आला तवा पाय बघितला. फोन आला तवा मी टॅक्टरखाली हुतो. म्या तिथंच पडून ऱ्हायलो, बायको पाय वढून म्हनाया लागली, काय झालं, काय झालं. मला सांगताच येईना. मानूस खिळ्यावर चालत ऱ्हातो आन त्याला ठावं नसतं, हे कसं सांगायचं?

ह्या दसऱ्याला ट्रॉल्या परत नदीत घातल्या. व्हय, घातल्या. आमी सुधरनारी मानसं असतो तर ड्रायव्हर म्हनून मला ठिवलं असतं का? पन मुकादम सोताहून काकूंच्या दारात गेला, चपला भाईर काढून. काकू एकट्या टोळीत आल्या. आमच्या तालुक्यात एकटी बाई कोयत्याबिगर टोळीत आल्याचं म्या तरी ऐकलं न्हाई. समदी चाकं खोलंस्तवर त्यांनी कुनाला सामान भरू दिलं न्हाई.

घाटाच्या आधी त्याच टपरीवर थांबलो. काकू उतरल्या. चाकावर हात ठिवला, डोळे उघडेच. ट्रॉलीतली बायामानसं बघत हुती. मला आतनं लई भरून आलं. आन भरून आलं की माझं तोंड सुटतं. टपरीवाला वळखीचा, चार नवी मानसं उभी. म्या समद्यांना ऐकू जाईल असं म्हनलं, "काकू, काय बी म्हना, त्या दिवशी म्या हात लावला म्हनून समदी वाचली. खरं का न्हाई?"

काकूंनी हाताचं ग्रीस लुगड्याला पुसलं.

"तू हात लावला हुता त्यांची टिंगल कराया. गाडी काढ."